संपलेले फॉर्म

पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज सायकलवरून दारात यायचा, दोन रुपये घ्यायचा आणि पावती फाडताना म्हणायचा, "वैनी, गेले न्हाईत, साठले!"

मी तेव्हा लई शहाणी. नथीसाठी खातं मोडायला निघाले, तर म्हणाला, "फॉर्म संपलेत." तीनदा विचारलं, तीनदा संपलेले! मी चारचौघांत त्याला लबाड म्हणाले.

त्या साली पाऊसच आला नाही. चाऱ्यावाचून म्हैस कडा गावच्या गुरांच्या बाजारात विकायला दावणीची सोडली, तोच हा धापा टाकत हजर! पिशवीतून जुना फॉर्म काढला. माझं नाव कधीचंच भरलेलं.

"आले बगा फॉर्म! सही करा, चारा आणा."

म्हैस राहिली. पुढं तिच्याच दुधावर नथ घेतली. नाक वर करून त्याला दाखवली.

"लई झ्याक, वैनी. आजचे दोन रुपये?"