ठेवणीतली खोली

एतेल्का पलंगावरच्या उशा उतरवायला लागली, तेव्हा शेजारची यूलीकाकू आधी कुंपणापलीकडून नुसती बघत होती. पाचवी-सहावी उशी ओसरीच्या कठड्यावर उन्हात पडली तसं तिला राहवेना. फाटक उघडून ती थेट आत आली.

"अगं, काय करतेस काय? तुझ्या आईनं लग्नात आणलेल्या उशा आहेत त्या!"

"म्हणूनच काढतेय. इतकी वर्षं झाली, अजून एकीवरही कुणाचं डोकं टेकलेलं नाही."

"डोकं टेकायला असतात होय त्या?"

"मग कशाला असतात काकू?"

यूलीकाकूनं कठड्यावरच्या उशीची सुरकुती हातानं सारखी केली. कशाला असतात ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण असं कुणी तोंडावर विचारलं की सांगता कुठं येतं? तिसा नदीच्या या काठाला घरं लांबलचक, मातीची. रस्त्याच्या अंगाची पहिली खोली ठेवणीतली. ऊन तिथं, दोन खिडक्या तिथं, रंगवलेली पेटी तिथं, आढ्याला टेकतील इतक्या उशा रचलेला पलंगही तिथंच. आणि माणसं? माणसं स्वयंपाकघरात आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत, एकमेकांच्या पायात पाय अडकवून. ठेवणीतल्या खोलीत पाद्री आला तर बसायचा, बाळंतीण निजायची, आणि घरातलं कुणी गेलं की दफनापर्यंत तिथं ठेवायचं. रोज राहायची ती जागाच नव्हे.

एतेल्का तिथं आईला राहायला आणणार होती.

गेल्या हिवाळ्यात आईचं, म्हणजे बोर्बालाचं, बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडलं. एतेल्काचा धाकटा भाऊ देझो आईला सोल्नोकला आपल्या सहाव्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेला. देझो मनानं वाईट नव्हता, त्याची बायको गिझीही नव्हती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पण दोघं सकाळी कामाला जायची आणि बोर्बाला दिवसभर फ्रिजकडे तोंड करून बसायची. एतेल्का भेटायला गेली की आई "बरं आहे" एवढंच म्हणायची. सूप अळणी झालं तरी बोलायची नाही, गिझीनं पडदा वाकडा लावला तरी नाही. बोर्बाला माणसांना नावं ठेवेनाशी झाली, तेव्हाच एतेल्काला कळलं, की हिला लवकर घरी न्यायला हवं.

देझोनं वृद्धाश्रमात जागा मिळवली होती. "अशी जागा पुन्हा मिळणार नाही ताई. नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणापर्यंत थांबतो म्हणालेत."

"मी घरी नेते तिला."

"कुठल्या घरी? मागची भिंत पडलीय."

"पुढची उभी आहे ना?"

देझोनं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "ठीक आहे. सणाआधी मी तिला घेऊन येतो. ती आपणहून राहते म्हणाली तर आश्रमाची जागा सोडतो. नाही म्हणाली, तर त्याच गाडीतून परत. आणि तू तिला गळ घालायची नाहीस, रडायचं नाहीस, एक शब्द बोलायचा नाहीस. कबूल?"

"कबूल," एतेल्का म्हणाली. तिला बोलायची गरज वाटत नव्हती. खोलीच बोलेल, अशी तिची खात्री होती.

एतेल्काचं निम्मं आयुष्य जॅमच्या कारखान्यात गेलं होतं. सरकत्या पट्ट्यावरून आलुबुखार यायचे आणि नुसत्या बोटांनी दाबून कुठला फेकायचा, कुठल्याचा डाग कापला की उरलेला गोड निघेल, हे ओळखायचं. कारखाना बंद पडला, नवऱ्याला तर तिनं त्याच्याही आधी वाटेला लावलं होतं. पण बोटांची ती सवय राहिली. गावात काही पाडलं जात असलं की ही ढकलगाडी घेऊन हजर. सहकारी संस्थेचा डुकरांचा जुना गोठा मोडला, तिथली कौलं तिनं एकेक वाजवून घेतली. खणखणीत वाजली ती गाडीत, बद्द वाजली ती तिथंच. नाचगाण्याच्या जुन्या सभागृहाचा मंच उखडला, त्या फळ्या हिच्या जमिनीला आल्या.

"सांभाळून ठोक गं," यूलीकाकू म्हणाली. पहिल्या दिवसाच्या रागानंतर ती आता रोज यायची. मदतीला नव्हे, बघायला. "याच फळीवर उभं राहून तुझ्या काकानं मला मागणी घातली होती."

"मग ही फळी दारात टाकते. येता-जाता पाय पुसता येतील."

"मेले, तुझी जीभ आईवर गेलीय!"

भिंतींचं काम मात्र विकत घेऊन होण्यातलं नव्हतं. द्राक्षमळ्यामागच्या खड्ड्यातली चिकणमाती, गव्हाचा भुसा, गाडीवानाकडून मागून आणलेली घोड्याची लीद. सगळं अंगणात कालवून एतेल्कानं स्कर्ट गुडघ्याच्या वर खोचला आणि अनवाणी तुडवायला घेतलं. देझोनं मध्ये एकदा येऊन सिमेंटची दोन पोती उतरवली होती. तिनं ती विहिरीच्या कट्ट्याला वापरून टाकली. "मातीच्या भिंतीला सिमेंट फासलं की ती आतल्या आत घामेजते," ती म्हणाली, "माणसाला उन्हाळ्यात रबरी कोट घातल्यासारखं." हातानं थापून, लाकडी थापीनं सारखं करत ती एकेक भिंत खालून वर लिंपत गेली. खाली वाकताना कंबर कुरकुरायची, वर चढताना गुडघे. दोघांनाही ती मोठ्यानं शिव्या द्यायची आणि काम चालू ठेवायची.

गिलावा वाळल्यावर चुना. चुन्यात कपड्यांची नीळ, चिमूट चिमूट, पांढऱ्याला जराशी थंडाई येईल एवढीच. गावातल्या जुन्या रंगाऱ्याची बायको अजून होती; तिच्या माळ्यावर नवऱ्याचे भिंतीवर नक्षी उमटवायचे रबरी रूळ धूळ खात पडले होते. जॅमच्या बरण्यांच्या बदल्यात एतेल्कानं वेलीच्या नक्षीचा रूळ घेतला. पिवडीत बुडवायचा आणि वरून खाली एका दमात ओढायचा. मध्ये थांबलं की वेल तुटली. एतेल्का श्वास रोखून ओढायची आणि पट्टा खाली टेकला की "हुश्श" म्हणून मोठ्यानं हसायची. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात ती पिवळी वेल भिंतीवर उठून दिसायला लागली तेव्हा तिनं दाराला टेकून स्वतःलाच आलुबुखारच्या दारूचा एक पेला पाजला.

खोली ऊबदार ठेवायची शेगडी पाद्रीबाबांच्या सरपणखोलीतून आली. हिरव्या फरशांची, तडकलेली, बिनकामाची. एतेल्कानं फरशा मातीत पुन्हा बसवल्या. पहिल्यांदा पेटवली तर सगळा धूर खोलीत. ती खोकत बाहेर आली, शिडी लावून छपरावर चढली, आणि धुराड्यातून डोमकावळ्याचं अख्खं घरटं बाहेर काढलं. त्यात शर्टाची बटणंही निघाली. ती तिनं धुऊन ठेवली.

शेवटी पलंग. आईच्या खुब्याला तो उंच पडला असता म्हणून एतेल्कानं करवतीनं त्याचे पाय कापले. ही बातमी मात्र गावातल्या दुकानापर्यंत पोचली. जुन्या कोठारखोलीत तिनं आतल्या आत संडास करवून घेतला होता. तिथवर जायला भिंतीला धरायची दांडी ठोकली होती. रात्री आईला कमीत कमी चालावं लागावं म्हणून पलंग दाराच्या समोर ठेवला, पायथा दाराकडे, म्हणजे उठलं की सरळ दांडीच हाताला येते. तिनं स्वतः पडून, उठून, डोळे मिटून चालून बघितलं होतं. बिनचूक.

मार्टिनच्या सणाआधीच्या आठवड्यात देझोची गाडी दारात थांबली. खोलीत शेगडी मंद पेटलेली. पलंगावर त्या उशांपैकी दोन, भरतकामाचे पांढरे अभ्रे घातलेल्या. वाऱ्यानं वीज जायची म्हणून उशाशी पेटीवर दोन मेणबत्त्या, दिवस ढगाळ होता म्हणून लावलेल्या. आणि यूलीकाकूनं ऐनवेळी आपल्या अंगणातली पांढरी शेवंती आणून फुलदाणीत खोचली होती; त्या दिवसांत दुसरं काही फुललेलं नसतं.

बोर्बाला काठी टेकत उंबऱ्याशी आली. तिनं भिंती पाहिल्या, पलंग पाहिला, मेणबत्त्या पाहिल्या.

"वा," ती म्हणाली. "पाद्री कुठंय?"

"कुठला पाद्री, आई?" देझोनं विचारलं.

"आता काय सांगू! पाय दाराकडे, उशाशी दिवे, शेवंती. तुझ्या बापाला हिथंच, अस्साच ठेवला होता. फक्त तो मेलेला होता." ती एतेल्काकडे वळली. "मी चालत येईन हे सांगायला विसरला वाटतं हा?"

यूलीकाकूनं हातानं तोंड झाकलं. हसू आलं होतं की घाबरली होती, तिचं तिलाच कळलं नसेल. एतेल्कानं आधी पलंगाकडे पाहिलं, मग दाराकडे. सगळं मोजलं होतं तिनं, पावलं, उंची, धूर, ओल. आणि ज्या खोलीत वडिलांजवळ रात्रभर बसली होती, तिथं पलंग कसा होता हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"आई, बाहेर गार आहे," देझो हळूच म्हणाला. किल्ली त्याच्या हातातच होती. "नको असेल तर चल, गाडीत हीटर चालू करतो."

एतेल्काला खूप काही सांगायचं होतं. पण शब्द दिलेला होता. तिनं पुढे होऊन मेणबत्त्या फुंकल्या. फुलदाणी उचलून यूलीकाकूच्या हातात दिली आणि तिला दाराकडे वळवलं. मग पलंगाचं एक टोक धरून देझोकडे मानेनं खूण केली. तो तसाच उभा राहिला, तेव्हा तिनं पुन्हा मान हलवली, अशी, की लहानपणी जिच्यानंतर धपाटा यायचा. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि दुसरं टोक धरलं.

"ओढू नका!" बोर्बाला ओरडली. "नवी फळी आहे, ओरखडे पडतील! उचला. देझो, पाठीतून नको, गुडघ्यातून. तिकडं कुठं? तिकडं शेगडीनं पांघरूण पेटेल. अगं ए, त्या खिडक्यांखाली घ्या. आडवा. हां. अजून थोडा. भिंतीला घासू नका, वेल पुसेल. कुणी काढलीय ती? कोपऱ्यात तिरकी गेलीय."

एतेल्कानं पलंग खाली टेकवला. घामानं केस कपाळाला चिकटले होते. देझो आईकडे टकमक बघत होता. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं एका दमात इतकी वाक्यं उच्चारली नव्हती.

"बसते जरा," बोर्बाला म्हणाली. "बसतेच फक्त. झोपायबिपायचं नाव काढू नका."

ती पलंगाच्या कडेला टेकली. पाय जमिनीला पोचले, नीट, दोन्ही. तिनं एकदा खाली बघितलं, पलंगाचे कापलेले पाय पाहिले, नाकानं "हं" असा आवाज केला. मग मान वळवली. जाड पडद्यांची एतेल्कानं खुर्चीसाठी गादी शिवली होती, त्यामुळे खिडकीला उरली होती नुसती अर्ध्यावरची जाळी. जन्मभर या खिडक्यांतून रस्त्यावरच्या बायकांनी आत डोकावून उशा मोजल्या होत्या. आतून बाहेर कुणी बघितलंच नव्हतं.

"ती बघ यूली," बोर्बाला म्हणाली. "माझी शेवंती घेऊन उलट्या बाजूला कुठं निघाली? तिचं घर तर हिकडं आहे. सांगायला निघाली, दुसरं काय. बघ, थांबली. टपालवाल्याच्या बायकोपाशी थांबली. हात कसे करतेय बघ!" ती पुढं वाकली. "आणि तो हिरवा दरवाजा कुणी केला? शी. बेडकाचा रंग."

एतेल्का स्वयंपाकघरात गेली आणि कोंबडीचं सूप घेऊन आली, बारीक शेवया घातलेलं. त्या खोलीत आजवर कुणी घास खाल्ला नव्हता. तिनं स्टूल पलंगाला लावलं आणि वर वाटी ठेवली. बोर्बालानं खिडकीवरची नजर न काढता चमचा उचलला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि सगळं प्यायली.

बाहेर उजेड कमी व्हायला लागला तसा देझो दारापाशी चुळबुळू लागला. "आई, काय करायचं? निघायचं का? अंधार होईल."

"मग निघ की. तुला कुणी धरलंय?"

"आणि तू?"

"मी कुठं जाऊ? टपालवाल्याची बायको अजून परत आली नाही." बोर्बालानं रिकामी वाटी त्याच्यासमोर धरली. "माझं बिनबाह्यांचं तपकिरी जाकीट गिझीकडे राहिलंय, आणि लोकरी चपला. रविवारी घेऊन ये. तिलाही आण, तिला म्हणावं पडदा कसा लावायचा ते येऊन बघून जा."

देझोनं एतेल्काकडे पाहिलं. ती एवढा वेळ भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभी होती.

"बोल आता," तो म्हणाला. "सुटलीस."

"येताना तुझे जुने कपडे आण," एतेल्का म्हणाली. "थंडी सरली की मागच्या भिंतीला हात घालतेय. माती तुडवायला या वेळी चार पाय लागतील."