रुवैसच्या खाडीतले खुंट

ही हकीगत मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेली नाही. नोकरीतल्या बाकीच्या केसेस नातवंडांनी चार-चारदा ऐकल्या आहेत. ही निघाली, की मी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो. विसरलो म्हणून नव्हे. त्या दुपारी पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते मी आजही कमरेला हात लावून दाखवू शकतो.

साल साठ उलटून गेलं होतं. कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैस नावाचं मासेमारांचं गाव आहे. तिथल्या चौकीत मी सार्जंट होतो. चौकी म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी, एक जीप आणि स्टेशन डायरी. डायरीत बहुतेक दिवस मी 'सर्व शांत' एवढंच लिहीत असे.

गावाच्या पुढे एक उथळ खाडी होती. दोन्ही काठांना तिवरं, अगदी आमच्या रत्नागिरीकडे असतात तशी. हिवाळ्यात रोहित पक्षी तिथे शेकड्यांनी उतरत. गावातल्या जुन्या मंडळींनी खाडीत बंदूक चालवायला मनाई केली होती आणि राखणीला एक म्हातारा ठेवला होता. तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारून त्याचा एक कान कायमचा गेला होता. पोराबाळांना घेऊन आलेली माणसं चिखलात रुतू नयेत, पक्ष्यांच्या अंड्यांवर पाय देऊ नयेत, म्हणून त्याने ओल्या रेतीत खजुराच्या फांद्यांचे खुंट रोवून वाट आखली होती. प्रत्येक खुंटाला पांढरी चिंधी. चिंधीवरून चिंधीकडे चालत गेलं, की सहा वर्षांचं मूलसुद्धा पाय न भिजवता पक्ष्यांपर्यंत पोहोचत असे.

दोहात नोकरी करणारी आमची कोकणी कुटुंबं शुक्रवारी गाडी करून यायची. जुम्याची नमाज, मग डबे सोडायचे, मग खाडीत फेरफटका. बायकांना तिवरं दिसली, की गावी गेल्यासारखं वाटायचं. सगळेजण आधी चौकीत डोकावत. कारण पाण्याची वेळ मी सांगायचो.

ते माझं मोठेपण होतं. माझ्या वडिलांची होडी होती. आमच्याकडे चांद पहिला असो की पंधरावा, दुपारी बाराच्या सुमाराला भरती. पुढे दर दिवशी पाऊण तास उशिरा. हे गणित मला पाढ्यांसारखं पाठ. तेच मी इथे चालवत होतो, आणि उथळ पाण्यात दोन-तीनदा जमून गेलं होतं.

त्या शुक्रवारी एक कारकून, त्याची बायको आणि दोन मुली आल्या. धाकटी सहा वर्षांची. तिच्या हातात सांदणांचा डबा होता, राखणदार बाबाला द्यायला.

"भाय, पाणी कसं आहे आज?" कारकुनाने विचारलं.

"चांद पंधरावा. बाराची भरती होऊन गेली. आता उतरतं पाणी. मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत बिनधास्त फिरा."

"नक्की ना, भाय?" त्याची बायको म्हणाली. "हिचा पाय जरा भिजला, की ही सगळी खाडी डोक्यावर घेते."

"भाभी, मी खाडीकाठी जन्मलोय. पाण्याचं मला विचारायचं, शिकवायचं नाही."

सगळे हसले. धाकटीने मला सॅल्यूट ठोकला आणि ती चिंध्या मोजत निघाली.

साडेतीनच्या सुमाराला किनाऱ्यावरून ओरडा ऐकू आला. मी धावलो. पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. चौघं खाडीच्या मधोमध उभी होती. भाभीच्या कमरेपर्यंत पाणी, धाकटी बापाच्या खांद्यावर, थोरली आईच्या पदराला घट्ट धरून. मी बुटांसकट पाण्यात शिरलो, पण माझ्याआधी राखणदाराची होडी तिथे पोहोचली होती. एक चप्पल आणि सांदणांचा डबा वाहून गेला. बाकी सगळे काठावर आले. धाकटी डब्यासाठी रडत होती.

त्याच संध्याकाळी खबर आली. शुक्रवारी लोकांना घेऊन येणारा दोहाचा एक ड्रायव्हर चौकीत येऊन म्हणाला, "म्हाताऱ्याने परवाच खुंट उपटून दुसरीकडे लावले. मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला तिथे माणसं नकोच आहेत."

मी जाऊन पाहिलं. काठाकडे जुन्या खुंटांची भोकं स्पष्ट दिसत होती, नवी रांग तिथून तीसेक पावलं बाजूला. पंचनामा केला. होडी आधीपासून पाण्यात तयार होती, हेही नोंदवलं. माणसं बुडायची वाटच पाहत होता जणू! मी त्याला कोठडीत घातलं.

मोडक्यातोडक्या अरबीत मी जबाब घेतला.

"खुंट कोणी हलवले?"

"मी."

"का?"

"काठालगत वाटेवर पक्ष्यांनी अंडी घातली होती."

"होडी तयार का ठेवली होतीस?"

"पाणी येणार होतं."

"तुला कसं कळलं?"

"वारा पडला होता. वारा पडला, की त्याने लोटून धरलेलं पाणी परत येतं."

मी टेबलावर हात आपटला. "आज दुपारी भरती नव्हतीच!"

त्याने बऱ्या कानाची बाजू माझ्याकडे वळवली आणि शांतपणे म्हणाला, "तुझ्या समुद्रात नसेल, बेटा."

मला ते उद्धट वाटलं. डायरीत मी लिहिलं, 'उडवाउडवीची उत्तरे देतो.' दोन दिवस तो आत होता. कसली तक्रार नाही. सकाळ-संध्याकाळ एकच विचारायचा, "अंड्यांकडे कोण बघतंय?" मी कुणालाच पाठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या कुटुंबाचे जबाब घ्यायला दोहाला गेलो. कारकून गोलगोल बोलत होता. धाकटी माझ्या टोपीशी खेळत होती. मध्येच म्हणाली, "राखणदार बाबा लांबून ओरडत होते. असे हात करत होते. मी अब्बांना म्हटलं, बाबा बोलावतात. अब्बा म्हणाले, चल गं, पोलीस मामूने सांगितलंय, मगरिबपर्यंत पाणी नाही."

मग भाभीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि मुलीला दटावलं, "गप. मामू काय मुद्दाम सांगणार होते?"

कारकून हळूच म्हणाला, "ते नका लिहू, भाय. तुमच्या नोकरीवर यायचं."

मी लिहिलं नाही.

परतल्यावर पुन्हा वारा पडून पाणी भरलं, तेव्हा बांबू घेऊन मी खाडीत उतरलो. नव्या रांगेत पाणी कमरेला लागलं. जुन्या रांगेत पंधरा पावलं गेलो आणि पायाखालची जमीन सुटली. म्हाताऱ्याने अंडी वाचवण्यासाठी वाट हलवली होती, पण हलवताना उंच रेती निवडली होती. खुंट जुन्या जागी असते, तर भाभी माझ्यापुढे चहा ठेवायला राहिली नसती. गावात चौकशी केली तेव्हा हेही समजलं, की त्या ड्रायव्हरला बंदुकीसकट याच म्हाताऱ्याने खाडीतून हाकललं होतं.

मी त्याला सोडलं. त्याने फक्त विचारलं, "मुलगी बरी आहे?" आणि थेट खाडीकडे गेला. दोन घरटी रिकामी होती. भोवती कुत्र्यांचे पाय उमटले होते.

आता जे लिहितो, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. माझ्या रिपोर्टात दोन वाक्यं होती. पाणी अवेळी चढले. राखणदाराने खुंट परवानगीशिवाय हलवले. दोन्ही खरी. वेळ कोणी सांगितली, हे तिसरं वाक्य मी गाळलं. साहेबांनी सही केली आणि त्या दुसऱ्या वाक्यावरून म्हाताऱ्याची राखण काढून घेतली गेली. शुक्रवारच्या फेऱ्या थांबल्या. पुढच्या हिवाळ्यात चौकीत बसल्या बसल्या मला खाडीतून बंदुकीचे बार ऐकू आले.

खबर देणाऱ्याचा त्यात फायदा काय, हे आधी पाहावं, असं मी नंतर नव्या शिपायांना शिकवत आलो. तेही खरंच. पण या केसने मला शिकवलं ते वेगळं होतं आणि ते मी कुणाला शिकवू शकलो नाही. तपास अधिकाऱ्याने पहिला जबाब स्वतःचा घ्यावा.

बदली झाली तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. वाटेत जीपमध्ये अरबी वाक्यं घोकत होतो. त्याने चटईवर बसवलं, खजूर पुढे केले, कॉफी ओतली. मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, "ती चिंध्या मोजणारी? कशी आहे?"

"शाळेत जाते," मी म्हणालो.

तो खुलून हसला. दुसरा कप ओतला, मग तिसरा. त्या मुलखात कॉफी पुरे झाली, की रिकामा कप हलवून परत करतात. म्हणजे बैठक संपली. माझ्या हाताने कप हलवला. मी उठलो. त्याने दारापर्यंत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

काही वर्षांनी दोहाच्या मासळीबाजारात रुवैसचा एक मासेमार भेटला. त्याच्याकडून कळलं, की म्हातारा गेला.

त्या दिवशी घोकलेली वाक्यं अजून पाठ आहेत. बाबा, पाण्याची वेळ मी सांगितली होती. तुमचे खुंट बरोबर होते. मला माफ करा.