हेल्मेटला दोघांचे हात

डॉ. मुकुंद राजोपाध्ये यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात झाली. मी पेशंटांच्या रांगेत नंबर लावून बसले होते. आत गेल्यावर त्यांनी विचारले, "काय दुखतंय?"

"दुखत काही नाही. एक विचारायचंय."

"मग फी नाही, पण वेळही फार नाही. बोला."

माझे यजमान सुरेश यांचा मार्केट यार्डात टेम्पोचा धंदा होता आणि सुटीला डोंगरातल्या मोटरसायकल शर्यतींचा नाद. खडकवासल्याच्या पलीकडे एका माळावर शर्यतीत उडी घेताना ते पडले. त्यांचे धाकटे भाऊ विलास, म्हणजे आमचे भाऊजी, सगळ्यांच्या आधी धावत पोहोचले. कुणी पडले की आपल्याकडे जे करतात तेच त्यांनी केले. हेल्मेट ओढून काढले, डोके मांडीवर घेतले, तोंडाला पाणी लावले. मानेला मार होता. यजमान गेले. दिवसकार्याला आलेले कुणीतरी बोलून गेले, "हेल्मेट असं ओढायला नको होतं." त्या दिवसापासून भाऊजींनी आमच्या घरी जेवायला येणे सोडले. एरवी त्यांचे ताट रोज आमच्याकडेच असे.

मी डॉक्टरांना विचारले, "नीट काढलं असतं तर ते वाचले असते का?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "पडतानाच सगळं संपलं असेल, किंवा नसेलही. मी तिथे नव्हतो. आणि मला माहीत आहे असं जो सांगेल, त्याच्या दवाखान्यात जाऊ नका." मग त्यांनी विचारले, "दिरांना दोष देता?"

"मी नाही देत. ते स्वतःला देतात."

"मग त्यांना रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर पाठवा. सांगा, एक माणूस कमी पडतोय."

माझे सांत्वन पुष्कळांनी केले. खरे उत्तर डॉक्टरांनी दिले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथून सुरू होतो.

डॉक्टर हाडांचे डॉक्टर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. पण जिथे रस्ताच नाही अशा माळांवर आणि डोंगरांत शर्यती होतात, तिथे थांबणारी वैद्यकीय पथके त्यांनी घडवली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकाच्या बऱ्याच वाचकांना माहीत नसेल. मान न हलवता हेल्मेट उतरवण्याचे एक साधन असते. हेल्मेटच्या आत, टाळूपाशी, एक पातळ रबरी पिशवी सरकवायची आणि हातपंपाने हवा भरायची. पिशवी फुगते तसे हेल्मेट आपोआप वर सरकते. पहिला संच डॉक्टरांनी स्वतः घेऊन एका पथकाला भेट दिला. त्याबरोबर एक नियमही दिला: दोघांशिवाय हेल्मेटला हात नाही. एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने काम करायचे. याचा सराव दर रविवारी त्यांच्या गच्चीवर चालतो.

डॉक्टरांची जीभ पेठेतलीच आहे. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचे हेल्मेट ते हातात घेऊन बघतात. एका गृहस्थांचे वाडग्यासारखे पातळ हेल्मेट बघून माझ्यासमोर म्हणाले, "छान आहे. यात दही किती लागतं?" ते गृहस्थ रागाने निघून गेले. पुढच्या वेळी नवे हेल्मेट घेऊन आले.

भाऊजी मात्र गच्चीवर गेले नाहीत. तेव्हा डॉक्टर स्कूटरवरून मार्केट यार्डात भाऊजींच्या कामाच्या जागी आले आणि कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत त्यांच्यापुढे उभे राहिले. "विलासराव तुम्हीच ना? तुमची वाट बघून कंटाळलो."

"डॉक्टर, या हातांनी माझा भाऊ गेला. मला नका शिकवू."

"शिकायला कोण बोलावतंय? पेशंट व्हायचंय. हेल्मेट घालून चटईवर पडून राहायचं. एवढं जमेल?"

एवढे जमले. कित्येक रविवार भाऊजी नुसते पडून राहिले आणि इतरांनी त्यांचे डोके धरले. मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "उठा. आज डोकं तुम्ही धरा." भाऊजींचे हात कापू लागले. "कापू देत. सोडू नका म्हणजे झालं."

यजमानांच्या नावाने शर्यतीत चांदीची ढाल ठेवावी, असे माझ्या मनात होते. डॉक्टर म्हणाले, "ढाल जिंकणाऱ्याला मिळेल. पडणाऱ्यांना काय द्याल?" यजमानांची शर्यतीची गाडी पत्र्याखाली झाकून ठेवलेली होती. ती मी विकली. त्यातून उरलेल्या पथकांसाठी संच घेतले. प्रत्येक संचाच्या पिशवीवर यजमानांचे नाव आहे. डॉक्टरांनी स्वतःचे नाव कुठेही घालू दिले नाही. संच देण्याचा समारंभ माळावरच झाला. मी शाल नेली होती. "शाल घेऊन मातीत कसा झोपू?" असे म्हणत या वयात ते हेल्मेट घालून तांबड्या मातीत आडवे झाले. ज्या पथकाने त्यांचे हेल्मेट मान न हलवता उतरवले, त्याच पथकाला संच मिळाला. एका पथकाला दुपारपर्यंत थांबावे लागले.

गेल्या हिवाळ्यात त्याच माळावर एक स्पर्धक पडला. हेल्मेटच्या आत त्याचा श्वास घुसमटत होता. त्याचे मित्र पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांच्या पुढे भाऊजी धावत होते. "हेल्मेटला हात लावू नका! पाणी नको!" असे ओरडत ते मातीत पालथे पडले आणि दोन्ही हातांनी त्याचे डोके धरले. पथकातल्या मुलीने पंप दाबला. हेल्मेट वर आले. श्वास मोकळा झाला. स्ट्रेचरवर त्याने पहिले वाक्य उच्चारले, "गाडी बरी आहे ना?" डॉक्टर म्हणाले, "गाडी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, तिला काही झालं नाही."

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले. पायांना अजून माती होती. म्हणाले, "वहिनी, मला वाढा."

मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजही नाही. ते नाही हे मान्य करून जगायला मला डॉक्टरांनी शिकवले. यजमानांची आठवण रोज येते आणि भाऊजींचे ताटही रोज मांडले जाते.

डॉक्टर, आपण पंचाहत्तर वर्षांचे झालात. आपल्याला भरपूर आयुष्य मिळो. चटईवर आडवे होऊन पुन्हा स्वतःच्या बळावर उठण्याइतकी आपली पाठ धडधाकट राहो, आणि जिभेला पथ्य कधीही न लागो. एकदा आमच्याकडे जेवायला या. भाऊजी घरीच असतील.