लाभाची ओळ

मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "हातातलं काय असेल ते काढून टेबलावर ठेवा." त्यांच्या मनात घड्याळं असावीत. आमच्यापैकी एकीकडेही घड्याळ नव्हतं. हातात होत्या त्या काचेच्या बांगड्या, आणि नवरा असलेली बाई बांगड्या काढून परक्या माणसासमोर टेबलावर ठेवत नाही. कोणी हललं नाही. मास्तर पुण्याचे, तरुण. त्यांना वाटलं आम्हाला ऐकू गेलं नाही. त्यांनी तेच पुन्हा जरा मोठ्यानं सांगितलं.

तेव्हा मागून एक बाई पुढं आली. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून म्हणाली, "माजं मोकळंच हाईत, मास्तर. ह्यांच्या बांगड्यांस्नी फडकं गुंडाळू द्या. काढायला सांगू नगा."

मास्तर लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी येताना फडक्याच्या पट्ट्या घेऊन आले, हे मला आवडलं.

ती बाई विधवा होती. वेल्ह्याच्याही वर, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. आम्हा सगळ्यांत वयानं मोठी, म्हणून आम्ही तिला आक्का म्हणायचो. मी कामथडीहून एस.टी.नं यायचे. लग्न झालेलं, मूल नाही, चौथी पास. घरी बसून सासूचं ऐकण्यापेक्षा बाहेर बसून मास्तरांचं ऐकावं, एवढाच माझा विचार होता.

दुष्काळ संपून थोडे दिवस झाले होते. पुण्याच्या एका मालकानं भोरला शेंगांचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलं. कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पेट्या तो बनवायचा. त्या पेट्यांमधलं बारीक काम बायकांना शिकवायचं ठरलं. बायकांची बोटं नाजूक असतात, असं मालक म्हणाला. बायका स्वस्त पडतात हे तो म्हणाला नाही, पण आम्हाला ते माहीत होतं. नाजूक म्हणे. भात लावणाऱ्या हातांना नाजूक म्हणणारा माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

काम काय होतं ते सांगते. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. आधी काय करायचं, मग काय करायचं, हे त्याच्या पोटात कोणीतरी घालून ठेवावं लागतं. त्यासाठी एक पाटी असायची. पाटीवर आडव्या ओळी आणि उभ्या ओळी. आडवी ओळ म्हणजे यंत्राची पायरी, उभी ओळ म्हणजे काम. एखाद्या पायरीला नळ उघडायचा असेल, तर त्या पायरीची ओळ आणि नळाची ओळ जिथं एकमेकींना छेदतात तिथं एक बारीक काचेचा मणी तापत्या सळईनं, कथलाचा डाग देऊन बसवायचा. मण्याला एका टोकाला काळं कडं. कडं उलटीकडं गेलं की वीज अडली. मास्तर त्याला डायोड म्हणायचे. आम्ही मणीच म्हणायचो.

पहिला मणी हातात घेऊन आक्का म्हणाली, "घ्या. नवरा होता तवर मनी जपलं, आता गेला तर पुन्ना मनीच हाती आलं."

हसावं की नाही, कोणाला कळेना. ती स्वतःच हसली, मग सगळ्या हसल्या.

या सगळ्याला मास्तर प्रोग्राम म्हणायचे. आम्हाला प्रोग्राम म्हणजे जत्रेतला. एक जण म्हणालीसुद्धा, "मास्तर, तुमच्या प्रोग्रामात नाचणारी कुठाय?" मास्तर म्हणाले, "तुम्हीच." आणि खरोखर त्यांनी आम्हाला नाचवलं. गोदामामागच्या अंगणात फक्कीनं मोठी पाटी आखली, आडव्या-उभ्या ओळींची, आणि आम्हाला मणी करून उभं केलं. मास्तर पायरीचा आकडा म्हणायचे. त्या ओळीवर जी उभी असेल तिनं हात वर करून आपलं काम ओरडायचं. "पट्टा हलवा!" "नळ उघडा!" "दिवा लावा!" भिंतीवरून माणसं बघायची. एक म्हातारा म्हणाला, "बायकांनो, पाऊस पाडताय का काय?"

"पाडतो की!" आक्का ओरडली. "नळाच्या वळीवर मीच हाय. भांडं घिऊन या!"

माणूस शिकवतो कसा ते मी त्या अंगणात पाहिलं. माझ्या शाळेत गुरुजी छडीनं शिकवायचे. हे मास्तर दोन्ही हात पाठीमागं बांधून टेबलाशी उभे राहायचे. आमच्या पाटीला त्यांनी कधी हात लावला नाही. डाग बिघडला की नुसतं म्हणायचे, "बघा." आपण बघायचं. दिसलं नाही तर पुन्हा, "बघा." चीड यायची. पोळलेलं बोट तोंडात धरून मी मनात त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण दिसायचं शेवटी, आणि दिसलं की ते आपलं असायचं. सकाळी गोदाम उघडायच्या आधी ते दारात असत आणि आमची शेवटची एस.टी. सुटली की मग त्यांची. अशा शिकवणाऱ्याचा मला आजही आदर वाटतो. तसे मी फार पाहिले नाहीत.

शून्याची भानगड तेव्हाचीच. मास्तर म्हणाले, पाटीवरची पहिली ओळ म्हणजे शून्य. पुढची एक, मग दोन. आम्हाला पटेना. शून्य म्हणजे काही नाही, मग ओळ कशी? मास्तरांनी सांगितलं, यंत्र सुरू व्हायच्या आधी गप उभं असतं, तीही एक पायरी, तिची ती ओळ. तरी चुळबूळ चालूच.

आक्का म्हणाली, "अगं, लाभ हाय त्यो. खळ्यावर भात मोजताना पयल्या पायलीला एक म्हणत्यात का? लाभ म्हणत्यात. तसंच हे."

सगळ्यांना झटकन समजलं. आमच्याकडं धान्य मोजताना पहिलं माप 'एक' म्हणून टाकत नाहीत, 'लाभ' म्हणून टाकतात. मास्तरांनाही ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून तेसुद्धा पहिल्या ओळीला लाभच म्हणायला लागले. लाभ, एक, दोन, तीन.

तेव्हा आम्ही चित्र बघून मणी बसवायचो. मास्तर कागदावर पाटी काढून द्यायचे, आम्ही रांगोळी उतरवावी तशी ती उतरवायचो. आक्काचा हात सगळ्यांत चांगला. तिचे डाग गोल, चकचकीत, एकसारखे. माझे डाग म्हणजे कावळ्यानं शिटल्यासारखे.

एकदा भाकरी खाताना मी तिला विचारलं, "आक्का, तुमी एवढ्या लांबून हितं कशा?"

ती म्हणाली, "हितं भोरात भावाकडं ऱ्हाते, लेकीला घिऊन. भावजय म्हनली, काम लागलं तर खोली बगा, न्हाई लागलं तर दिराकडं जावा. दिराकडं गेले की पोरीची शाळा सुटली. तो तिला गुरांमागं घालनार. मला घातली तशी." तिनं मिरचीचा देठ मोडला. "म्हनून मनी नीट बसवते."

एवढंच बोलली. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

शिकवणी संपताना मालक येणार होता. काम बघून कोणाला ठेवायचं ते तो ठरवणार होता. शेवटची परीक्षा म्हणून मास्तरांनी चित्र दिलं नाही. फळ्यावर नुसत्या पायऱ्या लिहिल्या आणि म्हणाले, ओळी तुम्ही मोजा, मणी तुम्ही बसवा. बाटल्या भरायचं लहान यंत्र होतं. पट्टा बाटली पुढं आणतो, थांबतो, नळ उघडतो, बाटली भरते, नळ बंद, पट्टा पुन्हा हलतो. पट्ट्याची पाटी माझ्याकडं आली, नळाची आक्काकडं. दोन्ही पाट्या एका पेटीत शेजारी शेजारी बसायच्या. मास्तर त्या दुसऱ्या दिवशी तपासणार होते.

मालक एक दिवस आधीच आला. त्याची तशीच सवय होती म्हणे. पाट्या तपासलेल्या नव्हत्या. मास्तर म्हणाले, उद्या दाखवतो. मालक म्हणाला, आजच बघू, मला उद्या वेळ नाही.

पेटी जोडली. वरच्या टाकीत पाणी भरलं. बटण दाबलं. रिकामी बाटली अजून वाटेतच होती आणि नळ उघडला. पाणी रिकाम्या पट्ट्यावर पडलं, तिथून टेबलावर, तिथून मालकाच्या पायावर. बाटली नळाखाली येऊन नीट उभी राहिली तेव्हा नळ बंद झाला.

मालकानं बूट झटकला. "नळाची पाटी कोणाची?"

"माजी," आक्का म्हणाली.

"मास्तर, या बाईंना घरी पाठवा. बाकीचं बघू."

मी आक्काकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही.

मास्तरांनी पेटीतून पाटी काढली, तिच्यासमोर ठेवली आणि हात पाठीमागं बांधले. "बघा," म्हणाले.

"मास्तर, आता काय बघायचं?" मालक म्हणाला.

"त्यांना बघू द्या," मास्तर म्हणाले. मालकापुढं ते असं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "आक्का, ओळी मोजून दाखवा. मोठ्यानं."

आक्कानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "लाभ." पुढच्या ओळीवर. "दोन." पुढच्या. "तीन."

"थांबा. एक कुठं गेला?"

"एक?" आक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. "लाभ म्हंजीच एक की, मास्तर. लाभ, दोन, तीन. खळ्यावर तसंच मोजत्यात."

मग मला उमगलं. मी कधी खळ्यावर मोजलंच नव्हतं. आमच्याकडं मोजायचं ते पुरुषांनी. म्हणून मास्तरांनी म्हटलं तसं लाभ, एक, दोन म्हणत गेले, मला काही अडचण आली नाही. आक्का नवऱ्यामागं वर्षानुवर्षं स्वतः भात मोजत होती. तिच्या तोंडी लाभानंतर दोनच यायचा. त्यामुळं तिचा प्रत्येक मणी एक ओळ आधी बसला होता, आणि नळ एक पायरी आधी उघडत होता.

मास्तर मालकाला म्हणाले, "लाभ हा शब्द मी उचलला आणि पुढं त्या कशा मोजतात ते विचारलं नाही. ही चूक शिकवण्यातली आहे. डाग बघा त्यांचे, मग काय ते ठरवा."

"मास्तर, माजी चूक तुमी घेऊ नगा," आक्का म्हणाली. "शेवटली वळ मोकळी ऱ्हायली तवाच मला कळाय पायजे हुतं. सळई तापवा. मी उतरवते."

मणी उतरवणं बसवण्यापेक्षा कठीण. जास्त तापवला तर मणी जातो, कमी तापवला तर पाटीचं तांबं उपटून निघतं. आम्ही सगळ्या भोवती उभ्या होतो. मालकाला चहा दिला. तो चहा न पिता बघत होता. आक्कानं एकेक मणी सोडवला, काळं कडं कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, एक ओळ खाली बसवला. एकही फुटला नाही. शेवटी तिनं सगळ्या ओळींवरून बोट फिरवत मोठ्यानं म्हटलं, "लाभ. एक. दोन." 'एक'वर तिनं बोट असं दाबलं की जणू तो पळून जाईल.

बटण दाबलं. बाटली आली, थांबली. नळ उघडला. बाटली भरली. नळ बंद झाला. पट्टा हलला.

"पुन्हा," मालक म्हणाला. पुन्हा झालं. त्यानं पाटी मागून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, आणि डाग बघत बराच वेळ उभा राहिला. मग मास्तरांना म्हणाला, "यांना ठेवा. आणि तो लाभ बंद करा."

मलाही ठेवलं, ते माझ्या डागांमुळं नाही, पाटी बरोबर होती म्हणून. मास्तरांनी लाभ बंद केला नाही. नव्या बायका आल्या की पहिल्याच दिवशी विचारायचे, "खळ्यावर कोणी मोजलंय? हात वर करा." आणि हात वर करणारीला आक्काशेजारी बसवायचे.

आता माझा नातू पुण्यात नखाएवढ्या चिपमध्ये प्रोग्राम घालायला शिकतो. तो म्हणतो, आज्जी, आमच्यात मोजणी शून्यापासून. मी म्हटलं, मला सांगू नकोस.

काम लागलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आक्कानं भोरला खोली घेतली. एक खोली, पत्रा, दारात तुळस लावायलाही जागा नाही. दिराकडून तिच्या वाटणीचं भात भांडून आणलं, कांडून घेतलं, आणि त्या दिवशी आम्हाला बोलावलं. लेक कोपऱ्यात पाटी-पेन्सिल घेऊन बसली होती. आक्का पोत्यातून डब्यात तांदूळ मोजून टाकत होती.

"लाभ," तिनं पहिलं माप टाकलं. "एक..."

ती थांबली. "आगं बया! ह्या मास्तरानं खळ्याची मोजनीबी बिघडवली की माजी!"

असं म्हणून तिनं टाकलेले तांदूळ परत पोत्यात ओतले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. लाभ. दोन. तीन.