दादाची गाडी आणि लसीचा डबा

दादा नोकरीसाठी आखातात निघाला तेव्हा त्याने आईचा निरोप दोन वाक्यांत घेतला आणि मोटरसायकलबद्दल मला अर्धा तास सूचना दिल्या. पंचवटीतल्या आमच्या घराच्या जिन्याखाली गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करायची. बॅटरीचं पाणी बघायचं. टाकी कोरड्या फडक्याने पुसायची नाही, चरे पडतात. त्या टाकीवर त्याने पेंटरकडून सोनेरी रेघा मारून घेतल्या होत्या, तासभर त्याच्या शेजारी उभं राहून.

"आणि चालवायची नाही," तो शेवटी म्हणाला.

गिअर टाकायला त्यानेच मला मैदानावर शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं आणि गाडी ताब्यात देणं वेगळं.

मी तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. सकाळची पहिली एसटी पकडायची, घाट ओलांडून फाट्यावर उतरायचं, तिथल्या आरोग्य केंद्रातून लसीचा डबा घ्यायचा आणि पुढे सात किलोमीटर चालायचं. डब्यात बर्फ, त्यामुळे खांदा भरून यायचा. आणि बर्फ वितळायच्या आत पोचायचं, म्हणून रेंगाळायची सोय नाही. गेलं वर्षभर मी हेच करत होते.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी गाडी सुरूच होईना. किक मारून मारून माझी पोटरी दुखायला लागली. शेवटी पेठ नाक्यावरच्या मिस्त्रींना घरी घेऊन आले. त्यांनी कार्बोरेटर उघडून मला दाखवला. आत पेट्रोल सुकून चिकटा धरला होता.

"उभ्या उभ्या गाडी खराब होते, ताई. चालती ठेवा."

हे कुणीतरी सांगावं याचीच मी वाट बघत होते की काय, कोण जाणे. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी पांढऱ्या साडीऐवजी पांढरा पंजाबी ड्रेस घातला आणि गाडी बाहेर काढली. आई दारात उभी राहिली. "त्याला कळवू नकोस," एवढंच म्हणाली.

पण माझे पाय जमिनीला पुरत नव्हते. थांबलं की एका पायाचा चवडा टेकायचा, दुसरा अधांतरी. महिनाभर तसंच काढलं, मग सीटवाल्याकडे गेले. त्याने रेक्झिन उसवून लांब सुरीने फोम दोन इंच कापला, तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं. पाठोपाठ वेल्डरकडून मागे लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली. लसीचा डबा तिच्यात बरोब्बर बसायचा, वरून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली की हलायचा नाही. दादाला पत्रात लिहायचे: गाडी व्यवस्थित आहे, दर रविवारी सुरू करते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात, फाट्याच्या पुढच्या उतारावर गाडीने एकदम कर्कश आवाज केला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. मी उजव्या बाजूला गाडीसकट आडवी. लेगगार्डमुळे पाय वाचला, पण टाकी दगडावर आपटल्याचा आवाज मी नीट ऐकला. शेतातून एक म्हातारे आणि त्यांची सून धावत आली.

"लागलं नाय ना, बाई?" ती मला उठवत म्हणाली.

मी आधी डबा उघडला. बाटल्या शाबूत, बर्फ शाबूत. मग गाडीकडे पाहिलं. चेन ढिली होऊन उतरली होती आणि चाकात अडकली होती. म्हाताऱ्यांनी काठीने ती उपसली, मागच्या चक्राच्या दातांवर अर्धी चढवली आणि मला चाक हाताने फिरवायला सांगितलं. कट्कट् करत चेन आपोआप बसली. त्या दिवशी अंगणवाडीत एकूण एक मुलाला लस मिळाली. माझे हात मात्र काळे होते म्हणून दोनदा साबण लावून धुवावे लागले.

टाकीला वाटीएवढा पोचा आला होता. बरोबर सोनेरी रेघांवर.

मिस्त्रींनी मला त्यानंतर चेन ताणायला शिकवलं. मागच्या चाकाचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवायचे, खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. दर पंधरा दिवसांनी मी ते करायला लागले.

दोन वर्षं भरली आणि शेजाऱ्यांकडे दादाचा फोन आला. येत्या शनिवारी येतोय. मी गाडी घेऊन तशीच नाक्यावर गेले.

"सीटला फोम चिकटवून देतो," मिस्त्री म्हणाले. "पण पोचा काढला तर रंग जाणार, आणि तशा रेघा मारणारा आता कोणी राहिला नाही." त्यांनी टाकीवर हात ठेवला. "ताई, सांगून टाका. तुम्ही चोरी केली नाही."

मी सीटही तशीच ठेवली.

दादा आला. जेवला, आईशी बोलला. नंतर हात पुसत जिन्याखाली गेला. मी मागे. त्याने सीटवर हात फिरवला, लोखंडी चौकट हलवून बघितली. पोच्यावर त्याचा अंगठा बराच वेळ थांबला. मी सगळं सांगायला सुरुवात केली, अगदी कार्बोरेटरपासून. ऐकता ऐकता तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"चेन कुणी ताणली?"

"मी."

"खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत," तो म्हणाला. "मला कधी जमलं नाही. दरवेळी मिस्त्रीकडे जायचो."

त्याने एक किक मारली. इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. ते ऐकत तो तसाच उभा राहिला, मग बंद केलं आणि जिन्याच्या पायरीवर बसला. खाली बघत म्हणाला, "अगं, मी आणखी तीन वर्षांचा करार करून आलोय. आईला अजून बोललो नाही. विमानात सारखं वाटत होतं, तू विचारशील, गाडीचं काय करायचं. मी गंजलेली गाडी बघायची तयारी करून आलो होतो."

"म्हणजे तू रागावला नाहीस?"

"टाकीचा आला थोडा," तो म्हणाला. "थोडाच."

आईला संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती रडली, मग डोळे पुसून त्याला बरोबर काय काय द्यायचं याची यादी करायला लागली. सोमवारी दादाने माझ्याबरोबर आरटीओत येऊन गाडी माझ्या नावावर करण्याच्या कागदांवर सही केली. घरी येऊन मी दुपारी जरा पडले, ती दिवेलागणीला आईने हलवून उठवलं तेव्हा उठले. दोन वर्षांत इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.