निरिनसोची भाजी

माझ्या सासूबाईंना फूल दिसलं की हात शिवशिवायचे. अलिबागला पहाटे लोकांच्या कुंपणावरची जास्वंद खुडणाऱ्या त्या. जपानात हिगाशी-कसाईला आल्या म्हणून सवय थोडीच सुटते! "अहो आई, इथे असं चालत नाही," म्हटलं की म्हणायच्या, "देवाला चालतं." मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

आयटीच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला माझा नवरा ऑफिसात बुडालेला. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत शेजारच्या जपानी आजींनी आम्हाला त्यांच्या उत्तरेकडच्या माहेरी नेलं. आम्ही तिघीच: मी, आई आणि माझी बालवाडीतली लेक. घरामागे ओढा आणि ओढ्याकाठी झाडांखाली पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. निरिनसो, आजी म्हणाल्या. बहुतेक एका देठावर दोन फुलं, एक आधी उमलतं, दुसरं मागून. पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नव्हेतच. कळीवरचं आवरणच पांढरं होऊन मिरवतं. वरची झाडं पालवून सावली दाट झाली की हे रोप जमिनीत गडप, ते थेट पुढच्या वसंतापर्यंत. मला त्या फुलाचा हेवाच वाटला.

निघताना आईंची पिशवी फुगलेली दिसली. कटकट नको म्हणून मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला हिंग-लसणाची फोडणी दिलेली हिरवीगार भाजी! किती महिन्यांनी! मी दोन घास खाल्ल्यावर विचारलं, "कुठून आणलीत?"

"ओढ्यावरची. पाला इतका कोवळा, टाकवेना. आणि मला रानभाजी शिकवू नकोस, शेवळं खाऊन वाढलेय मी."

लेकीने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि "ओकावारी!" म्हणजे आणखी वाढ, म्हणून पुढे केली. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या आजी माझा डबा परत करायला आल्या होत्या. भाजी बघून आधी हसल्या, मग ती ओढ्यावरची आहे असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

"निरिनसो आम्हीही खातो," त्या सावकाश, मला समजेल अशा जपानीत म्हणाल्या, "पण तिच्यातच तोरिकाबुतो उगवतो. पानं अगदी तशीच. फुलतो मात्र शरदात. नुसत्या पानावरून मीही छातीठोक सांगणार नाही. फूल असलेलाच देठ खुडायचा, असा आमचा नियम."

तोरिकाबुतो म्हणजे आपल्या विषारी बचनागाचा सख्खा भाऊ. मी लेकीच्या हातातली वाटी हिसकावली. "ओठांना मुंग्या येतायत का गं? जीभ जड झालीय?" ती वैतागून "दाइजोबु" म्हणाली, काही नाही झालं म्हणाली, तरी मी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन उचलला. आईंचा इतका राग आला होता! देवाचं नाव काढून वाट्टेल ते उपटायचं आणि वर शहाणपण!

"आई, बिनफुलाचा पाला किती घेतलात? खरं सांगा!"

"बिनफुलाचा कशाला घेऊ?" त्या उलट माझ्यावरच खेकसल्या. "फुलांसाठीच तर वाकले ना मी! फूल असेल तोच देठ खुडला. पानं देठाबरोबर आली. ती काय केरात टाकू?"

आणि देवांकडे बोट दाखवलं. सगळं ताम्हन पांढऱ्या फुलांनी भरलेलं. संध्याकाळच्या पूजेसाठी उरलेली जुडी तांब्यात पाण्यात उभी. मी फोन हातात तसाच धरून आजींना सांगितलं. त्यांनी जुडी जमिनीवर पसरली आणि एकेक देठ उलटसुलट करून पाहिला. प्रत्येकावर फूल नाहीतर कळी. फुलाखालची पानं थेट देठाला चिकटलेली, दांडीच नाही त्यांना; हीही निरिनसोचीच खूण, त्या म्हणाल्या. त्यांनी शेवटचा देठ खाली ठेवला, माझ्याकडे चमचा मागितला आणि उभ्या उभ्याच आमची भाजी खाल्ली.

"लसूण छान लागतो," म्हणाल्या.

मी तिथेच फतकल मारून ढसाढसा रडले. हसतही होते बहुतेक. काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

"म्हटलं होतं ना, देवाला चालतं," आई म्हणाल्या. आवाज नेहमीच्याच ठसक्यात, पण नातीच्या डोक्यावरचा हात काही काढला नाही.

नात मात्र अजून तिथेच उभी होती, माझ्या हातातल्या वाटीकडे बघत. "ओकावारी," तिने आठवण करून दिली. मी डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने तिला भाजी वाढली.