वडिलांच्या रायफलवरचा कर

डेल्फीन रुआर्कच्या दुकानात माणसं हसत शिरतात आणि बाहेर पडताना तिला शिव्या घालतात. तिचं बंदुकांचं काउंटर गुरांच्या खाद्याच्या पोत्यांमागे आहे. परराज्यातल्या दुकानाकडून इंटरनेटवर बंदूक घेतली की ती घरी येत नाही, परवानेवाल्याकडे येते. म्हणजे कॅनडाच्या सीमेलगतच्या या गावात डेल्फीनकडे. ती फॉर्म भरून घेते, घेणाऱ्याची सरकारदरबारी चौकशी करते आणि मग किमतीवर आपल्या राज्याचा कर मागते. तिथे भडका उडतो. विकणारा मोंटाना राज्यातला, घेणारा इथला, आणि बोलणी खायची हिने! त्यातला छदामही तिच्या गल्ल्यात राहत नाही, हे तिने घसा फोडून सांगितलंय. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय करणार? पुरुष तर असे तावातावाने बोलतात, जणू कायदा हिनेच रात्री बसून लिहिला.

गाव तिला खाष्ट म्हणतं. आहेच ती खाष्ट. तिच्या जागी कुणीही झालं असतं. नियमाबाहेर ती नवऱ्यासाठीही गेली नव्हती, आणि तो बिचारा ते मनात धरूनच वारला.

गेल्या शरदात तिच्या भावाने, लोवेलने, मागवलेली रायफल आली. खोकं उघडताच डेल्फीनचे हात थांबले. लाकडी दस्त्यावर खिळ्याने कोरलेला वाकडा ‘डी’ होता. तो तिनेच लहानपणी कोरला होता आणि वडिलांची थप्पड खाल्ली होती. लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांनी ही रायफल एका मोंटानावाल्याला विकली, आणि त्यानंतर ते एल्क हरणांच्या शिकारीला कधीच गेले नाहीत. लोवेलने किती वर्षं इंटरनेटवर तो ‘डी’ शोधला असेल, देव जाणे. त्याचा खांदा निकामी होत चालला होता. बहुधा शिकारीच्या शेवटच्या हंगामासाठी त्याला ती रायफल हवी होती. डेल्फीनला भरून आलं. तिने दस्ता पुसला, तेल लावलं आणि त्याची वाट पाहत बसली.

लोवेल आला, रायफल छातीशी धरून उभा राहिला. तिथवर सगळं छान चाललं होतं. मग तिने कराचा आकडा सांगितला.

“मोंटानात टॅक्सच नाही,” लोवेल म्हणाला.

“तू मोंटानात राहत नाहीस.”

“अगं, डॅडींची बंदूक आहे ही. माझ्याच बापाच्या वस्तूवर मी सरकारला पैसे देऊ?”

“दे. मी मागतेय म्हणून नाही, द्यावेच लागतात म्हणून.”

पलीकडे खाद्याची पोती निवडणारा ऑर्विल टेस्केर कान देऊन ऐकत होता. प्रेक्षक मिळाला की लोवेलला चेव येतो, लहानपणापासूनची खोड. त्याने फॉर्म ढकलून दिला.

“मग ऐक. ही माझी नाहीच. जावयासाठी घेतलीय, पैसे त्याचे, कार्ड फक्त माझं. टॅक्स त्याच्याकडून वसूल कर, जा.”

डेल्फीनचं रक्त खवळलं. त्या फॉर्मवरचा पहिला मोठा प्रश्नच तो असतो: खरा खरेदीदार तुम्हीच का? दुसऱ्याच्या पैशांनी, दुसऱ्यासाठी घेतली म्हटलं की संपलं, बंदूक हातात देता येत नाही. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, आणि शिकारीत आयुष्य घालवलेला हा माणूस चार पैसे वाचवायला तेच बोलून बसला. तो खोटं बोलतोय हे तिला ठाऊक होतं. जावई बंदुकीला हातही लावत नाही. पण ऐकलेलं न ऐकलं करून रायफल दिली असती, तर परवाना गेला असता आणि तुरुंगाची वाट वेगळीच.

तिने त्याच्या हातातून रायफल काढून घेतली.

“गंमत केली गं, डेल्फी,” लोवेलचा आवाज उतरला.

“गाढवा,” ती म्हणाली, “गंमत करायला तुला हेच काउंटर मिळालं? आयुष्यभर शोधलीस ना ही? मग तोंड का नाही आवरलंस?”

तो बूट आपटत निघून गेला. ऑर्विल पोती तिथेच टाकून सटकला; संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

डेल्फीनने मोंटानाच्या दुकानदाराला फोन केला. भावाचे पैसे परत करा, रायफल मी घेते, म्हणाली. तिने स्वतःच्या पैशांनी ती विकत घेतली आणि स्वतःच्याच काउंटरवर बसून वडिलांच्या जुन्या रायफलवरचा कर भरला. भांडायला समोर कुणी नव्हतं, म्हणून सरकारला तिने एकटीनेच मनसोक्त शिव्या दिल्या. मग भावाला फोन लावला.

“ये. फॉर्म नीट भर आणि घेऊन जा. माझ्याकडून भेट. कर मी भरलाय.”



“डॅडींच्या बंदुकीवर तू सरकारला पैसे दिलेस,” लोवेल म्हणाला. “मग ठेव तुझ्याकडेच.”

त्याचं हे बोलणं तिला वडिलांच्या त्या थपडेपेक्षा जास्त लागलं. रायफल तिने काउंटरमागे भिंतीवर टांगली, ‘डी’ बाहेरच्या बाजूला ठेवून.

हंगामाच्या तोंडावर लोवेल काडतुसं घ्यायला आला. मान वर केली नाही. तिने दर सांगितला, वर कर सांगितला. त्याने मोजून दिले, कराचेसुद्धा. मग खांदा चोळत दाराकडे वळला आणि कुणाचीतरी उसनी आणलेली रायफल गाडीत घेऊन डोंगराकडे निघून गेला.